संपलं म्हणायचं नाही

आमच्या घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात डोकावून डब्यांचं कौतुक करतात. डाळी, तांदूळ, पोहे, साखर, सगळं कसं रांगेत. जुनं पुढे, नवं मागे, कशाला कीड नाही की मुंगी नाही. बायको म्हणते, "हे सगळं यांचं हो. मला कुठं काय येत होतं? यांनीच शिकवलं." मग पाहुणे माझ्याकडे वळून विचारतात, "आणि तुम्ही कुठं शिकलात?" मी सांगतो, "आईकडून."

हे खोटं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण खरं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला यातलं काडीचंही येत नव्हतं. मी हे सगळं शिकलो तळवडेकरांकडून, आणि तेही चोरून, घरात पडल्या पडल्या कान देऊन. नुसतं नाव सांगायला काय हरकत होती? पण नाव घेतलं की लोक विचारणार, कोण हे तळवडेकर, कुठं असतात. मग पुढचं सांगावं लागणार, आणि पुढचं सांगायची माझी तयारी नव्हती. आज आहे. निदान लिहायला बसलो तेव्हा तरी होती.

तर तळवडेकर. त्यांच्या घरात कधीही, काहीही संपत नसे.

घरातलं मीठ, तेल, तांदूळ संपले तर 'संपलं' म्हणू नये, 'वाढलं' म्हणावं, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. वाईट बोलायचं नाही, एवढाच त्यातला भाव. बायका ती स्वयंपाकघरात पाळतात आणि तिथंच ठेवतात. तळवडेकरांनी ती बाहेर काढली आणि मोकाट सोडली. 'संपलं' हा शब्दच त्यांनी टाकून दिला होता. सिनेमा सुटला की म्हणत, "खेळ वाढला." महिनाअखेरीला म्हणत, "पगार वाढला," आणि ऐकणारे पेढे मागत. एकदा माझी आई आठवडाभर तापानं पडली होती. ताप उतरला, ती उशीला टेकून बसली, तेवढ्यात तळवडेकर दारात येऊन हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "काय वैनी, ताप वाढला ना एकदाचा?" आई मुकाट्यानं पुन्हा आडवी झाली.

आम्ही तेव्हा लालबागला राहायचो. वडील नव्हते, आई आणि मी. तळवडेकर आणि काकू शेजारच्या खोलीत. मधे भिंत नव्हती, लाकडी पडदी होती. तिकडे फोडणी पडली की इकडे शिंक यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. नोकरी हिंदमात्याला, साड्यांच्या एका दुकानात. आयुष्य गादीवर मांडी घालून गेलेलं, त्यामुळे उभे असले तरी ते बसल्यासारखेच दिसत. गिऱ्हाइकाला म्हणायचं त्यांचं एक वाक्य होतं: "हात लावून बघा, घेऊ नका." घेऊ नका म्हटल्यावर बाई हमखास घेई. हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की पानावर वाढतानाही ते पाहुण्याला म्हणत, "हात लावून बघा, घेऊ नका," आणि पाहुण्याला कळत नसे की आता जेवायचं की नुसतं बघायचं.

दुकानातली सगळी भाषा ते घरच्या किराण्याला वापरत. तांदूळ तळहातावर पसरून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "पोत बघा पोत. हा नेसवेल." म्हणजे शिजवला तर चांगला होईल. मसुरीची डाळ त्यांना कधीच आवडली नाही. "दिसायला भडक. एका धुण्यात रंग जाणार." तूरडाळीला मात्र ते मान देत. "जरीकाठी आहे," म्हणत.

दर रविवारी दुपारी गॅलरीत चटई टाकून तळवडेकर वर्ग भरवत. बेगमीचा वर्ग. आजूबाजूच्या चाळींतल्या नव्यानं संसार मांडलेल्या मुली येऊन बसत. कोकणातून लग्न होऊन थेट दहा बाय दहाच्या खोलीत आलेल्या, कणगी पाहिलेल्या पण डबा न पाहिलेल्या. काकू एका बाजूला बसून सुपारी कातरत आणि तळवडेकर समोर रिकामे डबे मांडून सुरू करत. मी आत आडवा पडून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन, सगळं ऐकायचो.

"पहिलं काय?" ते विचारत.

"पहिलं वाणसामान," एखादी नवखी बोलून जाई.

"चुकलं! पहिला डबा, मग माल. डबा घासायचा, उन्हात घालायचा, आणि दोन दिवस रिकामा ठेवायचा. त्यात मुंगी आली तर डबा नापास."

एखादी हळूच हसली की ते गंभीरपणे म्हणत, "हसू नका. मुंगी फी घेत नाही म्हणून तिची किंमत नाही तुम्हाला."

मग पुढे. नवीन आणलेलं मागे ठेवायचं, जुनं पुढे घ्यायचं. "नवी साडी घडीला, जुनी अंगाला, तसंच." तांदळात कडुलिंबाचा पाला, पण वाळलेला. ओला घातलात तर तांदूळ वाचेल आणि भात कडू होईल. बिब्बे घालायचे तर मोजून घालायचे आणि मोजून काढायचे, "नाहीतर एखादा नवऱ्याच्या पानात जाईल, आणि मग तो माझ्याकडे येईल."

आणि कुपनं. चहाच्या पाकिटात, धुण्याच्या साबणाच्या वेष्टनात त्या वेळी कुपनं यायची. ती जमवून दिली की काचेची बशी नाहीतर चमचा मिळायचा. तळवडेकरांचा त्यातही नियम होता. कुपन कापायचं, फाडायचं नाही. कोपरा गेला तर कंपनी परत पाठवते. पण खरा नियम वेगळाच होता, आणि तो त्यांनी एका मुलीला रागावून सांगितला. तिनं चमच्याच्या लोभानं साबणाच्या वड्यांची चळत आणून ठेवली होती.

"एका चमच्यासाठी एवढा साबण? चमच्यानं काय साबण खाणार तू?" ते म्हणाले. "चहा प्यालो म्हणून कुपन आलं, हे बरोबर. कुपन यावं म्हणून चहा प्यालो, तर तो चहा कंपनी प्याली."

बेगमी किती करायची, हेही ते सांगत. "महिन्याची केली तर शहाणपण. पावसाळ्याची केली तर हौस. त्याच्या वर गेलात तर शेजाऱ्याच्या ताटातलं उचललंत." कुणी त्याला 'साठा' म्हटलं तर त्यांना राग यायचा. साठा गोदामात असतो, म्हणत. घरात असते ती बेगमी.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मी एकदाच ऐकलं. कुठल्याशा मुलीनं विचारलं, काका, घरात खाणारी माणसं दोन, मग बेगमी दोघांचीच करायची ना? तळवडेकरांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाले, "घरात किती जेवतात ते मोजायचं नाही. न सांगता कोण येईल ते धरायचं." आणि त्यांनी सांगितलं की लढाईच्या दिवसांत, रेशन होतं तेव्हा, त्यांचा धाकटा भाऊ गावाहून न कळवता आला. घरात दाणा नव्हता. भावानं चुलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, मी बोटीवर जेवून आलोय. पाणी पिऊन गॅलरीत झोपला आणि सकाळच्या बोटीनं परत गेला. "जेवला नव्हता तो," तळवडेकर म्हणाले. "बोटीवर काय मिळतं ते मला माहीत नाय?" मग लगेच घसा खाकरून, "चला, चिंच. चिंचेला मीठ कधी लावायचं?"

त्यांची गंमत करणं सोपं होतं, आणि आम्ही ती केली. कुणाला भेटले की ते "कसं काय?" विचारायच्या आधी "कुपन आहे?" विचारत. खालच्या मजल्यावर एक म्हातारे गेले. लोक स्मशानातून आले, शेजाऱ्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. तळवडेकर कोपऱ्यात डोळे पुसत बसले होते. चहाचं नवं पाकीट फोडलेलं त्यांना दिसलं. ते उठले, शोक करणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाले, "बाबांची माणुसकी फार मोठी रे. त्या पाकिटातलं कुपन कुणाला देणार आहेस?"

माझी मात्र एक अढी होती. आमच्या घरी कुपनं जमवत नसत. चहाचं पाकीट वेष्टनासकट कचऱ्यात जाई. एकदा ते त्यांना दिसलं, आणि पुढच्या रविवारी वर्गात त्यांनी ते वर धरून दाखवलं. "एक घर सांगतो. नाव सांगणार नाही. पडदीपलीकडचं आहे." मुली खो खो हसल्या. आत वर्तमानपत्राखाली माझे कान तापले. मी पंचविशीच्या आत-बाहेर, फोर्टात कारकून, गल्लीतल्या मित्रमंडळाचा चिटणीस. इतकी छोटी गोष्ट. पण ती माझ्यात राहिली.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा होता आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून फळा माझ्याकडे. रोज सकाळी मी त्यावर लिहायचो आणि लोक थांबून वाचायचे. आयुष्यात पहिल्यांदाच माझं लिहिलेलं कुणी वाचत होतं. पुढाऱ्यासारखा पुढारी म्हणजे भाऊ घाग. समोरच्या चाळीतला, गिरणीत साच्यावर काम करणारा, आवाज भोंग्यासारखा. मन स्वच्छ, डोकं गरम. मोर्च्याला निघताना आम्ही घरोघर पत्रकं वाटायचो. तळवडेकर पत्रक उलटून बघत. "पाठ कोरी आहे. आणखी दे." ती ते डब्यांच्या तळाला घालत. भाऊला हे कळलं तेव्हा तो भडकला. "आमची मागणी तुम्ही डाळीखाली घातली?"

"खाली नाय रे, तळाला," तळवडेकर म्हणाले. "तळ पक्का तर डबा टिकतो."

भाऊला हे पटलं की नाही कुणास ठाऊक. मोर्च्यात न येणारा माणूस म्हणून त्यांचं नाव त्याच्या मनात बसलं एवढं खरं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. लालबाग-परळला अश्रुधूर, गोळीबार, कर्फ्यू. सकाळी थोडा वेळ सूट मिळे, तेवढ्यात पाणी, दूध, काय मिळेल ते. एका सकाळी आमचे लोक भांडी घेऊन सूट मिळायची वाट बघत जिन्यात उभे होते. तळवडेकर नाक्यावर जाऊन आले आणि आनंदानं ओरडले, "कर्फ्यू वाढला! कर्फ्यू वाढला!" सगळे धडाधड परत फिरले, कड्या लागल्या. गल्लीत एकटे तळवडेकर, हातात किटली, एवढ्या लोकांना एकाएकी दूध नको का झालं याचं नवल करत. उलगडा झाला तेव्हा आमची चाळ पोट धरून हसली. समोरच्या चाळींना त्यांच्या या भाषेची खबर नव्हती.

त्या हसण्यानंतर हसण्यासारखं फार राहिलं नाही. वाण्यानं दुकानाला फळ्या लावल्या आणि तो निघून गेला. हातावर पोट असलेल्यांची पंचाईत झाली. आमच्याकडे मूठभर पोहे होते. मी फळ्यावर लिहिलं, 'अर्धपोटी राहू, पण हटणार नाही.' ठळक अक्षरात. भाऊनं पाठ थोपटली.

त्याच दिवशी दुपारी तळवडेकर आमच्या दारात आले. बगलेत त्यांच्या दुकानाची कापडी पिशवी. ती आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "वैनी, सॅम्पल."

आईनं पिशवी उघडली. तांदूळ होते, चांगले पोटभर पुरतील एवढे. आई म्हणाली, "भावजी, हे कसे फेडू?"

"सॅम्पल परत घेत नाहीत. आणि कुणाला बोलायचं नाही हां. नाहीतर सगळीच गिऱ्हाइकं मागतील." जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "काय चिटणीस, हात लावून बघा."

आम्ही ते खाल्ले. मी पोटभर जेवून फळ्यावर अर्धपोटी लिहीत राहिलो. मला वाटलं, आम्हालाच दिले. आई एकटी बाई, शेजार, म्हणून.

दोनेक दिवसांनी सकाळी पडदीपलीकडून काकूंचा आवाज आला. दबका, पण पडदी ती. "अहो, तांदूळ वाढले."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मग तळवडेकर म्हणाले, "जावंदे. डबा धुवून ठेव."

मला अर्थ कळला. माझ्याइतका तो कुणालाच कळला नसता.

थोड्या वेळानं समोरच्या चाळीत, मंडळाच्या खोलीत बैठक भरली. बायका सगळ्या नळावर. आमच्या चाळीतले दोघेच, मी आणि पेडणेकर, जे कानानं अधू होते. भाऊ उभा राहिला. "पोरांच्या पोटात आज काय घालायचं? ज्याच्याकडं असेल त्यानं काढायचं, सगळ्यांनी वाटून खायचं. बोला, कुणाकडं आहे?"

"तळवडेकर!" मागून कुणीतरी म्हणालं. "बायकांना साठवायचं शिकवतो तो. त्याच्याकडं नसेल तर कुणाकडं?"

"चिटणीस, तू शेजारी त्यांचा," भाऊ म्हणाला. "काय आहे त्यांच्याकडं? सांग."

सांगायचं एवढंच होतं, की त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. पण मग कुणी विचारलं असतं, तुला काय ठाऊक? आणि गेले कुठं? मग आमच्या घरची पिशवी निघाली असती आणि फळ्यावरचं माझं वाक्य सगळ्यांनी पुन्हा वाचलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. कचऱ्यातलं ते पाकीटही आलं, हे लपवत नाही.

"सकाळीच काकू म्हणत होत्या," मी म्हणालो, "तांदूळ वाढले म्हणून."

शब्द खरा होता. सूर मी लावला.

"वाढले?" भाऊ ओरडला. "लोकं उपाशी, आणि याचे तांदूळ वाढतायत?"

"काय वाढलं? काय वाढलं?" पेडणेकर विचारत होते. त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी एकट्यानं नीट ऐकलं असतं तर ते हसले असते, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. सगळे उठले. कुणीतरी मला म्हणालं, "शाब्बास चिटणीस!" तिथून आमच्या गॅलरीपर्यंत एक गल्ली आणि एक जिना. तेवढ्या वाटेत एक वाक्य सहज मावलं असतं.

तळवडेकर दारातच होते. एवढी माणसं बघून हातांनी आपोआप गादी झटकल्यासारखं केलं. "या, या. बसा."

"डबे उघडा," भाऊ म्हणाला.

"हात लावून बघा, घेऊ..." ते सवयीनं बोलले आणि थांबले.

भाऊनं स्वतःच पहिला डबा काढला. रिकामा. दुसरा. रिकामा. तो एकेक डबा काढत गेला, झाकणं खाली पडत गेली, आणि प्रत्येक डबा घासलेला, लख्ख, तळाला आमचं पत्रक. ज्या डब्यांवर इतक्या मुली संसार शिकल्या त्यांच्यात एक दाणा नव्हता. भाऊ गोंधळला. मग गोंधळलेला माणूस आणखी चिडतो तसा चिडला.

"माल कुठाय?"

"गेला."

"कुठं गेला?"

तळवडेकरांनी गॅलरीकडे बघितलं. नळावरून बायका आल्या होत्या. डोक्यावर पदर, कमरेवर हंडे. आमच्या चाळीतल्या, समोरच्या चाळीतल्या, भाऊची बायको सुमन, आणि माझी आई. ते एकेकीकडे बघत गेले. दुकानात गिऱ्हाइकांकडे बघत तसे, घाई न करता. कुणी काही बोललं नाही.

"गिऱ्हाईक आलं," ते म्हणाले. "दिला."

"म्हणजे विकलात? ह्या दिवसांत? ब्लॅकनं?"

"दुकानदार माणूस मी. माल ठेवून काय करू?"

काकू पुढे झाल्या. "अहो, सांगा की त्यांना..."

"गप ग," तळवडेकर म्हणाले. इतक्या हळू मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "घडी मोडू नको."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी चिटणीस होतो, बोलणं माझं काम होतं. मी पडलेल्या झाकणांकडे बघत राहिलो. भाऊ म्हणाला, "साठेबाज तरी परवडला," आणि थुंकून जिना उतरला. उतरता उतरता मला म्हणाला, "लिही फळ्यावर. काळ्या बाजारवाल्यांपासून सावध म्हणून."

मी लिहिलं. नाव घातलं नाही, पण नावाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तळवडेकर फळ्याजवळ थांबले, पूर्ण वाचलं, आणि मी बाजूलाच होतो तर म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हां तुझं." टोमणा नव्हता तो. कापड चांगलं असलं की ते कुणाच्याही दुकानाचं असो, ते चांगलंच म्हणत.

दिवस निवळले, वाणी परत आला. रविवारी तळवडेकरांनी चटई टाकली, डबे मांडले. कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी आत पडलो होतो. पलीकडे डबे मांडल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज आला, नेहमीचा, वर्गातला.

"पहिलं काय?"

"पहिला डबा," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग माल."

"शाब्बास. आता चिंच."

चिंचेला मीठ कधी लावायचं हे काकूंनी त्यांना, आणि त्यांनी काकूंना, सगळं नीट सांगितलं. मी तोंडावर वर्तमानपत्र घेतलं होतं, पण ते वाचायला नव्हतं.

पावसाळ्याआधी त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं गावी गेली. निघताना आईला भेटून गेली. मी मुद्दाम ऑफिसला लवकर गेलो होतो. आईनं मला यावर कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आई गेली तेव्हा सुमन घाग भेटायला आली. जुन्या आठवणी निघाल्या. बोलता बोलता ती थांबली, दाराकडे बघून आवाज खाली केला आणि म्हणाली, "एक सांगू? ह्यांना अजून माहीत नाही. त्या कर्फ्यूत तळवडेकरकाकांनी आमच्याकडं तांदूळ दिले होते. सॅम्पल म्हणाले. कुणाला बोलू नको म्हणाले. मला वाटलं, आम्हालाच दिलेत."

मग मी आडून आडून इतरांना विचारलं. खालच्या मजल्यावर सॅम्पल गेलं होतं. पेडणेकरांकडे गेलं होतं. त्या सकाळी गॅलरीत हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरात. प्रत्येकीला वाटत होतं, आपण बोललो तर आपलीच अब्रू जाईल. त्या बायका गप्प राहिल्या कारण त्यांना तसं सांगितलेलं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं.

तळवडेकर गावीच वारले. मला कळलं ते उशिरा. काकू मग परळला भाच्याकडे येऊन राहिल्या, हेही असंच कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही हिंदमात्याला गेलो. दुकानात एका बाकावर एक म्हातारी बाई भाचेसुनेची खरेदी व्हायची वाट बघत बसली होती. तिनंच मला ओळखलं.

"चिटणीस ना रे तू?"

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आईची चौकशी केली, मुलीच्या गालावरून हात फिरवला. मग माझा हात हातात धरून म्हणाल्या, "हे तुझं नाव काढायचे हो. म्हणायचे, त्या दिवशी त्या पोराला काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडून मिटलंन त्यानं. भेटला तर विचारून घे. बघ, ते गेले आणि विचारायचं माझ्यावर आलं." त्या हसल्या. "काय बोलायचं होतं रे तुला?"

मागे माझी बायको उभी होती, मुलगी उभी होती, गादीवरचा माणूस साडी उलगडून वाट बघत होता.

"काही नाही काकू," मी म्हणालो. "घोषणा देऊन घसा बसला होता तेव्हा."

"तेच म्हटलं मी त्यांना," काकू म्हणाल्या, आणि माझा हात थोपटून सोडला.

काकू अजून आहेत. परळला, भाच्याकडे. माझ्या घरापासून जायला तासही लागत नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला आहे आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं आहे. खरं उत्तर मी देणं लागतो. ते असं कागदावर लिहून फिटत नाही. त्यांच्यासमोर बसून, तोंडानं द्यायचं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.